अर्ध्या भरलेल्या कणसाचं कोडं : गुणसूत्रांची अदलाबदल आणि वनस्पतींचं वंध्यत्व

मागच्या वेळी आपण गुणसूत्रांची संख्या बदलली तर काय होतं ते पाहिलं. आजचा विषय त्याला लागूनच आहे, पण थोडा वेगळा. आज संख्या तीच राहणार आहे, जनुकंही जवळजवळ सगळी तीच राहणार आहेत. बदलणार आहे ती फक्त त्यांची जागा. एखादा तुकडा या गुणसूत्रावरून त्या गुणसूत्रावर गेला, किंवा आहे तिथेच उलटा बसला, तर एवढ्यानं झाडाचं काय बिघडावं? झाडाचं स्वतःचं फारसं काहीच बिघडत नाही, ते जोमानं वाढतं, फुलतं. बिघडतं ते बी धरण्याच्या वेळी. म्हणून हा विषय बियाण्याचा आहे, आणि पर्यायानं शेताचा.

मक्याच्या कणसापासून सुरुवात करू. कणीस सोललं आणि दाणे कमी भरलेले दिसले, तर त्याची दहा कारणं असू शकतात. कणसाचे केस बाहेर पडत असताना कडक ऊन पडलं, पाणी कमी पडलं, तुऱ्यातले पराग संपल्यावर केस बाहेर आले, अशी ती कारणं. यात बहुतेक वेळा कणसाचा शेंडा रिकामा राहतो किंवा एक बाजू रिकामी राहते. पण क्वचित एखादं कणीस असं मिळतं की त्यात बुडापासून शेंड्यापर्यंत सगळीकडे विखुरलेल्या जागा रिकाम्या आहेत. साधारण निम्मे दाणे भरलेले, निम्मे नाहीत. भरलेल्या दाण्यांना ऐसपैस जागा मिळाल्यामुळे ते फुगलेले असतात आणि ओळी वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. शेजारच्या झाडांना तेच पाणी, तेच खत, तेच ऊन मिळालेलं असतं आणि ती मात्र भरलेली असतात.

आता या अर्धवट कणसाचे दाणे पुढच्या हंगामात पेरले, तर उगवलेल्या झाडांपैकी साधारण निम्म्या झाडांची कणसं पुन्हा अर्धी. उरलेल्या निम्म्यांची पूर्ण भरलेली. म्हणजे हा दोष वंशानं उतरतो आहे, आणि तोही अगदी मोजूनमापून. १९२०च्या दशकात अमेरिकेत मक्यावर काम करणाऱ्यांना हे कोडं पडलं होतं. धोत्र्यावर काम करणाऱ्या जॉन बेलिंगनं त्याच दशकात सुचवलं की दोन वेगळ्या गुणसूत्रांनी आपापले टोकाचे तुकडे एकमेकांना देऊन टाकले असावेत. (आपल्या महादेवाला वाहतो तो धोतरा नव्हे, त्याचा भाऊबंद.) या प्रकाराला ट्रान्सलोकेशन म्हणतात, मराठीत स्थानांतरण. आम्ही आज सरळ अदलाबदल म्हणणार आहोत, कारण घडतं तेच.

पुढचं समजायला एक घर डोळ्यासमोर आणा. घरात दोन पोथ्या आहेत, एक लाल बासनातली, एक पिवळ्या बासनातली. प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती आहेत, कारण गुणसूत्रंही जोडीनं असतात. पोथीची पानं सुटीच असतात. कधीतरी कुणाच्या हातून एका जोडीत गफलत झाली : लाल पोथीचे शेवटचे अध्याय पिवळीत गेले आणि पिवळीचे लालमध्ये. दुसरी जोडी मात्र नीट आहे. घरात आत्ता काही कमी आहे का? नाही. सगळे अध्याय दोन-दोन आहेत. पारायण व्यवस्थित होतं. झाड जोमानं वाढतं ते यामुळेच.

पण वाटणीची वेळ येते तेव्हा पंचाईत होते. दोन भावांनी प्रत्येकी एक लाल, एक पिवळी घ्यायची आहे. एकानं दोन्ही नीट असलेल्या घेतल्या आणि दुसऱ्यानं दोन्ही गफलतीच्या घेतल्या, तर कुणाचंच नुकसान नाही. गफलतीच्या जोडीतही सगळे अध्याय आहेत, फक्त बासनं चुकलेली. पण एकानं नीट असलेली लाल आणि गफलतीची पिवळी उचलली, तर त्याच्याकडे लालचा शेवट दोनदा आला आणि पिवळीचा शेवट आलाच नाही. दुसऱ्या भावाची गत नेमकी उलट.

झाडात ही वाटणी अर्धसूत्री विभाजनात होते, परागकण आणि बीजांड तयार होण्याआधी. एरवी सारखी गुणसूत्रं दोन-दोन करून जवळ येतात. इथे चार गुणसूत्रं एकमेकांत अडकतात, कारण प्रत्येकाचा एक भाग एकाशी जुळतो आणि दुसरा भाग दुसऱ्याशी. सूक्ष्मदर्शकाखाली आधी अधिक चिन्हासारखी आकृती दिसते, नंतर चौघांचं कडं दिसतं. हे कडं ओढलं जाताना एकाआड एक गुणसूत्रं एका बाजूला गेली तर वाटणी पूर्ण होते. शेजारशेजारची एका बाजूला गेली तर वाटणी अपुरी. मक्यात हे दोन्ही प्रकार जवळपास सारख्या प्रमाणात होतात, म्हणून निम्मे पराग आणि निम्मी बीजांडं मरतात. पराग निम्मे मेले तरी कणसाला फरक पडत नाही, मक्याचा तुरा लाखांनी पराग उधळतो. बीजांड मात्र प्रत्येक दाण्यामागे एकच. ते गेलं की त्या जागी दाणा नाही.

इथे वनस्पतींची एक खासियत लक्षात घ्यायला हवी, पाठ्यपुस्तकं ती एका ओळीत उरकतात. प्राण्यांत अपुऱ्या वाटणीचा शुक्राणूही पोहतो आणि फलन करतो, गडबड उघड होते ती पुढे, गर्भ वाढताना. वनस्पतीत परागकण हा स्वतः एक छोटासा जीव आहे. त्याला स्वतःच्या जनुकांवर वाढायचं असतं, पिष्ट साठवायचं असतं, नलिका काढायची असते. महत्त्वाचा तुकडा नसेल तर तो तिथल्या तिथे सुकतो. त्यामुळे ही चाचणी फार सोपी आहे. मक्याचे पराग आयोडीनच्या थेंबात टाका. चांगले परागकण पिष्टानं भरलेले, काळेनिळे दिसतात. मेलेले लहान, पोकळ, फिकट. निम्मे काळे, निम्मे फिकट दिसले की संशय घ्यायला जागा आहे. त्यासाठी शाळेतला सूक्ष्मदर्शकही पुरतो.

आता तो निम्म्या-निम्म्याचा हिशोब. अर्धवंध्य झाडाचे जे पराग आणि बीजांडं जगतात, त्यांतली निम्मी जुन्या मांडणीची, निम्मी नव्या मांडणीची. स्वफलनात त्यांच्या जोड्या १:२:१ लागतात. पाव झाडं जुनी-जुनी, ती पूर्ण फलधारी. निम्मी जुनी-नवी, ती पुन्हा अर्धवंध्य. आणि पाव झाडं नवी-नवी. ही तिसरी पाव फार महत्त्वाची. तीही पूर्ण फलधारी असतात! कारण दोन्ही जोड्या गफलतीच्या असल्या तरी एकमेकींशी जुळतात, त्यामुळे कडं होत नाही. म्हणजे दोष अदलाबदलीत नाही, दोन मांडण्या एका घरात नांदवण्यात आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, गव्हाकडे जाताना लागेल.

आणखी एक गंमत. लाल आणि पिवळ्या पोथीवरची जनुकं एरवी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात, मेंडेलचा तो नियमच आहे. पण अर्धवंध्य झाडात मिश्र वाटणी झालेले पराग मेलेलेच असतात. त्यामुळे जिवंत संततीत पाहिलं तर दोन वेगळ्या गुणसूत्रांवरची जनुकं जणू एकाच गुणसूत्रावर असल्यासारखी बरोबर फिरताना दिसतात. नकाशा काढणारा फसतो. मेंडेलच्या बागेत असं वाटाण्याचं झाड असतं तर? असो, नव्हतं हे आपलं नशीब.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९३०च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात मक्याची दहाही गुणसूत्रं एकेक करून ओळखता येतील इतपत काम पुढे नेलं होतं, आणि अदलाबदल नेमकी कुठल्या दोघांत झाली हे डोळ्यांनी दाखवलं. मग या उपद्रवाचंच त्यांनी हत्यार केलं. हॅरिएट क्रेटन ही त्यांची तरुण सहकारी. दोघींनी मक्याचं नववं गुणसूत्र असं निवडलं की ज्याच्या एका टोकाला ठळक गाठ आहे आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा तुकडा जोडलेला आहे. म्हणजे दोन्ही टोकांना खुणा. मधे दोन जनुकं, एक दाण्याच्या रंगाचं, एक दाण्यातल्या पिष्टाच्या प्रकाराचं. संततीत जिथे जनुकांची नवी जुळणी झाली होती, तिथे खुणांचीही नवी जुळणी झालेली दिसली. जनुकं बदलतात तेव्हा गुणसूत्राचे तुकडे खरोखर बदलतात, हे १९३१ साली पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसलं. माशीवर तेच काम कर्ट स्टर्न जर्मनीत करत होते, त्यांचा निबंध त्याच वर्षी थोड्याच दिवसांनी आला. मॅक्लिंटॉक यांना नोबेल मिळालं ते १९८३ साली, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी, उड्या मारणाऱ्या जनुकांसाठी. आमच्या मते हे १९३१चं काम तेवढ्याच तोलाचं आहे.

आता एक झाड असं, जे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या बाल्कनीत असेल. पानं वरून हिरवी, खालून जांभळी. होडीसारख्या दोन पानांमध्ये छोटी पांढरी फुलं. ऱ्हिओ. मूळ मध्य अमेरिकेकडचं, पण आपल्याकडे सोसायट्यांच्या कुंपणाला, बागांच्या कडेला ते सगळीकडे आहे. वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या प्रात्यक्षिकांत ते अनेकांनी पाहिलेलं असतं. ऱ्हिओला १२ गुणसूत्रं असतात. अर्धसूत्री विभाजनात त्यांच्या सहा जोड्या दिसायला हव्यात. दिसतं काय, तर १२ जणांचं एकच कडं, किंवा कडं तुटून झालेली साखळी. एकामागून एक इतक्या अदलाबदली झाल्या आहेत की एकही जोडी साधी राहिलेली नाही. सहा जुन्या मांडणीची, सहा नव्या मांडणीची, आणि एकाआड एक वाटणी झाली तरच पराग जगणार. कड्यात १२ जण असताना ती दरवेळी नीट होत नाही, म्हणून ऱ्हिओचे बरेच पराग सुकलेले दिसतात.

मग अशा झाडाच्या संततीत पाव जुनी-जुनी, पाव नवी-नवी निघायला हवीत ना? निघत नाहीत. दोन्ही संचांत अशी काही घातक जनुकं आहेत की एकाच संचाची जोडी जमली की ती जगत नाही. जगतो तो फक्त मिश्र. त्यामुळे ऱ्हिओची पुढची पिढीही पुन्हा कड्याचीच. कायमचा संकर, आणि तरी आईसारखाच.

हाच खेळ ईनोथेरा नावाच्या, संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांच्या झाडानं ह्यूगो द व्ह्रीस यांच्याशी खेळला. १८८६ साली हॉलंडमध्ये हिल्व्हर्समजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात त्यांना ते दिसलं. ते झाड आपल्यासारखीच संतती देत असे, पण मधूनच एखादं पूर्ण वेगळं रोप निघे. त्यावरून द व्ह्रीस यांनी मांडलं की नव्या जाती एका झटक्यात निर्माण होतात. त्यांचा उत्परिवर्तनाचा सिद्धांत १९०१ पासून ग्रंथरूपानं आला आणि जगभर गाजला. पुढे ऑटो रेनर आणि राल्फ क्लीलँड यांनी उलगडा केला. ईनोथेराच्या त्या जातीत १४ गुणसूत्रं, त्यांतली १२ एका कड्यात आणि फक्त एक साधी जोडी. रेनर यांनी दोन संचांना नावं दिली, गॉडेन्स आणि व्हेलान्स. गॉडेन्स-गॉडेन्स मरतं, व्हेलान्स-व्हेलान्स मरतं, आणि म्हणून त्या झाडाच्या जवळपास निम्म्या बिया पोकळ. द व्ह्रीस यांना दिसलेली 'नवी' रोपं बहुतेक या बंदिस्त व्यवस्थेतून कधीमधी निसटलेली होती. काही तर गुणसूत्रांच्या संख्येतले बदल होते. त्यांतल्या एका धिप्पाड झाडात १४ऐवजी २८ गुणसूत्रं निघाली. सिद्धांताचा पाया सरकला, उत्परिवर्तन हा शब्द मात्र टिकला.

निम्म्या बिया वाया घालवणारी व्यवस्था निसर्गात टिकते कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. एक उत्तर असं, की संकराचा जोम न गमावता स्वफलन करता येतं. आणखी एक, ईनोथेराच्या काही जातींत एक संच फक्त बीजांडातून जातो आणि दुसरा फक्त परागातून. तिथे बिया वायाही जात नाहीत.

दुसरा प्रकार थोडक्यात. गुणसूत्राचा मधला तुकडा तुटतो आणि उलटा फिरून तिथेच बसतो. याला इन्व्हर्जन म्हणतात, आपण उलट तुकडा म्हणू. साधं आणि उलटं गुणसूत्र जोडीनं आलं, की जुळण्यासाठी त्यांना वळसा घालून फास करावा लागतो. त्या फासात देवाणघेवाण झाली, तर एक गुणसूत्र दोन गुणसूत्रबिंदूंचं होतं आणि दोन्ही ध्रुवांकडे ओढलं जाऊन पुलासारखं ताणतं. एक तुकडा बिंदूविना मागे राहतो आणि हरवतो. असे पराग मरतात. (गुणसूत्रबिंदू उलट तुकड्याच्या आतच असेल तर पूल होत नाही, पण वाटणी अपुरीच राहते.) म्हणजे जगलेल्या संततीत त्या भागातली देवाणघेवाण जवळपास दिसतच नाही. त्या तुकड्यातली शेकडो जनुकं एका गाठोड्यात बांधल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जातात.

गाठोडं कधी फायद्याचंही असतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिम्युलस नावाचं पिवळ्या फुलांचं झाड आहे. आतल्या कोरड्या भागातलं एका वर्षात फुलून मरतं, उन्हाळ्याचं पाणी आटायच्या आत. समुद्राकाठचं, धुक्यातलं, अनेक वर्षं जगतं. डेव्हिड लॉरी आणि जॉन विलिस यांनी २०१० साली दाखवलं की हा फरक मोठ्या प्रमाणात एका उलट तुकड्यात बांधलेला आहे. कोरड्या भागाला जुळणारे गुण सुटे सुटे झाले तर झाड ना इकडचं ना तिकडचं. तुकडा उलटा असल्यामुळे ते सुटत नाहीत.

आता गहू. मघाचं वाक्य आठवा : दोन्ही जोड्या सारख्या असल्या की फलधारणा पूर्ण. गव्हाच्या पैदासकारांनी याचाच उपयोग केला. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, तांबेऱ्याला चिवट. रायच्या पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात गव्हाच्या एका गुणसूत्राच्या लांब हाताला जोडला गेलेलं वाण युरोपात तयार झालं. काव्काझ या सोव्हिएत गव्हातून ते मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेच्या वीरी वाणांत आलं आणि तिथून जगभर गेलं. आपल्याकडे उत्तरेच्या मैदानात १९९०च्या दशकापासून प्रचंड क्षेत्रावर पेरला गेलेला पीबीडब्ल्यू ३४३ हाही त्यातलाच. रायच्या त्या एका हातावर खोडाच्या तांबेऱ्याविरुद्धचं, पानाच्या तांबेऱ्याविरुद्धचं आणि पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धचं, अशी जनुकं शेजारी शेजारी आली.

पण गाठोडं आलं ते अख्खं. गव्हात पाचव्या गुणसूत्रजोडीपैकी एकीवर असं एक जनुक आहे जे परक्या गुणसूत्राशी जुळणी होऊच देत नाही. त्यामुळे रायचा तुकडा गव्हाच्या तुकड्याशी देवाणघेवाण करत नाही. संरक्षक जनुकांबरोबर रायच्या प्रथिनांची जनुकंही येतात आणि कणीक चिकट होते. यंत्रावर पाव करणाऱ्याला ती नकोशी होते. हवं ते ठेवून नको ते कापायचं, तर आधी ते अडवणारं जनुक बाजूला करावं लागतं. हे काम वर्षानुवर्षं चालतं.

आणि खरा धोका वेगळाच. अर्ध्या जगाचं पीक एकाच तुकड्यावर विसंबून राहिलं. १९९८ साली युगांडात खोडाच्या तांबेऱ्याचा असा वंश सापडला, ज्याच्यापुढे रायच्या तुकड्यावरचं एसआर ३१ हे जनुक निकामी ठरलं. तोच यूजी ९९. पुढे तो केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन आणि इराणपर्यंत पोहोचला. तुकडा मोडला नव्हता, बुरशी बदलली होती.

एक प्रश्न आला आहे, की बियाण्यांवर किरणांचा मारा करून वाण तयार करतात, त्यात हे घडतं का. घडतं, आणि भरपूर घडतं. किरणांनी गुणसूत्रं तुटतात आणि जोडली जाताना चुकीच्या टोकांना जोडली जातात. म्हणून मारा केलेल्या पहिल्या पिढीत पराग बरेच वांझ दिसतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अशा कामातून भुईमुगाची वाणं दिली. टीएजी २४ हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं. पण मारा आणि वाण यांच्यामध्ये बऱ्याच पिढ्यांची निवड असते. वांझपणा गाळला जातो, हवा तो बदल धरून ठेवला जातो. अर्नेस्ट सीअर्स यांनी १९५६ साली क्ष-किरण वापरून एका रानगवताचा तांबेराविरोधी तुकडा गव्हात आणला, तोही असाच, मुद्दाम घडवलेल्या मोडतोडीतून.

दुसरा प्रश्न, हे आता हवं तिथे करता येतं का. जर्मनीत कार्लस्रूहला होल्गर पुख्टा यांच्या गटानं क्रिस्पर वापरून २०२० साली अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडात ठरवून अदलाबदल घडवली. त्याच वर्षी त्यांनी त्याच झाडातला, निसर्गतः उलटा बसलेला दहा लाखांहून अधिक अक्षरांचा एक तुकडा पुन्हा सुलटा केला, आणि जिथे देवाणघेवाण थांबलेली होती तिथे ती पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांनी त्यांनी उलटंही केलं. दुसऱ्या गुणसूत्राचा दहापैकी नऊ हिस्सा उलटा फिरवला आणि देवाणघेवाण टोकांपुरती उरली. म्हणजे गाठोडं सोडताही येतं आणि बांधताही येतं. पिकांत हे रोजच्या वापरात यायला अवकाश आहे, कारण गव्हासारख्या पिकात प्रत्येक गोष्ट तीन-तीन संचांत करावी लागते.

शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे, ऱ्हिओचं कडं घरी बघता येईल का. कडं बघायला महाविद्यालयाची प्रयोगशाळा बरी. फूल उमलायच्या बरीच आधीची, अगदी लहान कळी घ्यावी लागते. ती तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लात ठेवून मग परागकोष ॲसिटोकार्मिनमध्ये दाबतात. दहा कळ्यांतल्या एखाद्या कळीतच योग्य टप्पा सापडतो, तेव्हा धीर धरा. मात्र उमललेल्या फुलाचे पराग त्याच रंगाच्या थेंबात टाकले तर भरलेले गोल आणि लाल दिसतील, सुकलेले चुरगळलेले आणि फिकट. दोनशे मोजा आणि त्यांत किती सुकलेले आहेत ते लिहून आणा. पुढच्या वेळी सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू.